मिरगाचा मासा, मिरगाची वीज

हैदराबादेत जूनच्या सात-आठ तारखेला ओळखीचा माणूस भेटला की तो हवापाणी विचारीत नाही, मासे घेतले का ते विचारतो. तेलुगू लोक या दिवसाला मृगशिरा कार्ते म्हणतात. जुन्या शहरातले दखनी बोलणारे लोक मात्र सरळ ‘मिरग’ म्हणतात, अगदी आमच्या गोव्यातल्यासारखे. नोकरीच्या निमित्ताने मी तिथे सहा वर्षे काढली. समुद्र पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरवर, शहर प्रसिद्ध बिर्याणीसाठी, आणि तरी त्या दिवशी मुशीराबादच्या आणि बेगम बाजारच्या मासळीबाजारात पाय ठेवायला जागा नसते. पहिल्या वर्षी ते पाहून गोवेकर असूनही मी चकित झालो. उन्हाळा संपून हवेत एकदम गारवा येतो, तेव्हा अंगात ऊब राहावी म्हणून मासा खायचा, असा त्यांचा हिशेब. तिथली जुनी मराठी घरे बरीचशी देशस्थांची, त्यांना या गडबडीचे सोयरसुतक नाही. मला मात्र घरच्यासारखे वाटले.

याच दिवशी बत्तिनी गौड घराण्याचा तो प्रसिद्ध मत्स्यप्रसाद असतो. दम्याच्या रोग्याच्या घशात दोन-तीन इंचांचे जिवंत मरळीचे पिल्लू, त्याच्या तोंडात पिवळसर औषधी लगदा भरून, सोडायचे. १८४५ साली एका साधूने आपल्या पूर्वजाला हा पाठ दिला असे ते घराणे सांगते. पूर्वी हे दूधबावलीच्या त्यांच्या घरी चाले, गर्दी वाढल्यावर नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर गेले. शाकाहारी लोकांसाठी मासा नाही, गुळातून औषध. कोरोनाच्या काळात तीन वर्षे बंद पडलेला हा कार्यक्रम २०२३ साली पुन्हा सुरू झाला. डॉक्टर मंडळींनी त्यावर आक्षेप घेतले, प्रकरण कोर्टात गेले, ‘औषध’ हा शब्द जाऊन ‘प्रसाद’ आला. त्या वादात मला इथे पडायचे नाही. मला त्यात रस वाटतो तो मुहूर्तामुळे. सूर्य मृग नक्षत्रात शिरतो ती घडी धरून हे सुरू होते आणि साधारण दिवसभर चालते. म्हणजे पाऊस, मासा आणि माणसाचा श्वास या तिघांची गाठ एका घडीला मारलेली आहे.

त्याच घडीला चौथीही एक असते. ती म्हणजे वीज. तिचे नाव कोणी घेत नाही.

गोव्यात मिरगाचा मासा म्हणजे चढणीचा मासा. वाचकहो, तुमच्यापैकी जे खेड्यात वाढले त्यांना हे सांगायला नको, पण पणजी-मडगावच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोरांसाठी सांगतो. पहिले दोन-तीन जोरदार पाऊस झाले, व्हाळ भरून वाहू लागले, शेतात पाणी चढले की नदीतले, तळ्यातले मासे उलट्या प्रवाहाने वर चढू लागतात. अंडी घालायला. उथळ पाण्यात त्यांची पाठ उघडी पडते आणि माणूस बत्ती घेऊन, हातात कोयती घेऊन, कोणी पाग घेऊन, मेरेवर वाट पाहत उभा असतो. कोकणात याला वलगण म्हणतात. ही शिकार रात्रीची, आणि तिचा इशारा म्हणजे गडगडाट. “मिरग गडगडलो, आतां नुस्तें चडटलें,” असे म्हणत आमच्या आजोळच्या वाड्यावरचे पुरुष उठायचे. मासे ढगाच्या आवाजाने जागे होतात अशी सगळ्यांची पक्की समजूत. शास्त्र म्हणते की नव्या पाण्याचा थंडपणा, त्याचा वेग, त्याची बदललेली चव या गोष्टी माशाला विणीसाठी उठवतात. गडगडाट फक्त त्याच वेळी होतो. पण त्याच वेळी होतो, हेच तर महत्त्वाचे. ज्या आवाजाने माणसाने घरात शिरायचे, त्याच आवाजाने आमचा माणूस घराबाहेर पडतो.

मरळीचे तर विशेषच. आपल्याकडे ती दुय्यम मासळी समजतात. आमचा राज्यमासा शेवटो, खाऱ्या-निमखाऱ्या पाण्यातला. तेलंगणाचा राज्यमासा मरळच, त्यांचा कोरमीनू. हा मासा हवेतून श्वास घेऊ शकतो. उन्हाळ्यात तळे आटले तरी चिखलात तग धरून राहतो आणि पहिल्या पावसात ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो. श्वासाच्या रोगावर याच माशाची निवड का झाली असेल याचा माझ्यापुरता मी लावलेला अर्थ हा आहे. जो पाण्याबाहेरही गुदमरत नाही त्याच्याकडून श्वास मागायचा. पुरावा काही नाही, पण लोकांची बुद्धी अशीच चालते.

आता विजेबद्दल आपल्या लोकांना काहीच माहीत नव्हते असे नाही. भीती भरपूर होती. कंसाने देवकीची म्हणून जी मुलगी शिळेवर आपटायला उचलली, ती त्याच्या हातातून निसटली आणि वीज झाली, ही कथा आपल्याला पाळण्यापासून ठाऊक. कंस तिचा मामा. म्हणून वीज मामावर डूख धरून असते आणि मामा-भाचे एकत्र दिसले की पडते. विजा चमकत असताना मामा-भाच्याने एका झाडाखाली थांबू नये, एका होडीत तर मुळीच बसू नये. पायाळू माणसावर वीज पडते ही दुसरी समजूत. काशाच्या ताटात अशा वेळी जेवू नये, हे कुठे कुठे सांगतात. कांस्य आणि कंस हा नुसता शब्दाचा खेळ, पण त्यामागे धातूची भीती दडलेली असावी.

माझे सुट्टीतले दिवस आजोळी जायचे, त्यामुळे या पहिल्या नियमाचा मला फार जाच झाला. चढणीला मला न्यायला मामा तयार, पण आजी दारात आडवी. मामा-भाचे दोघेही विजेत जाणार नाहीत! मग मामा एकटा जायचा आणि मी पडवीत बसून रडायचो. आजी त्याच वेळी दुसरे एक काम करायची, ती घरातली जुनी कोयती अंगणात फेकायची. लोखंड बाहेर टाकले की वीज घरावर यायची ती त्यावर जाते, म्हणून. तेव्हा मला यात काही विसंगत वाटले नाही. आज वाटते. लोखंड घरात नको म्हणून ते अंगणात फेकणारे घर, आणि तसलेच लोखंड हातात घेऊन त्याच घरचा कर्ता मुलगा गुडघाभर पाण्यात, उघड्या शेतात उभा. आजीची भीती खरी होती, पण तिची शिस्त चुकीच्या दाराशी उभी होती. एका भाच्याला वाचवून तिने मामाला विजेत सोडले होते.

उंच ते मोडते, एवढे विजेचे साधे गणित. हैदराबादला गेलेला प्रत्येक पाहुणा चारमिनार पाहतो. १५९१ सालची ही इमारत. कुतुबशाही संपल्यानंतर, निजामांचे राज्य सुरू होण्याआधी मोगल सुभेदारांचा जो मधला काळ होता त्यात नैर्ऋत्येच्या मिनारावर वीज पडली आणि तो ढासळला. तो लगेच दुरुस्त केला गेला आणि त्याला साठ हजार रुपये लागले अशी नोंद आहे. आज चारही मिनार सारखे दिसतात, सांगितल्याशिवाय कळत नाही. आता जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलसमोर उभे राहा. तिथे एकच मनोरा आहे. दुसरा १७७६ साली वीज पडून कोसळला असे सांगतात आणि तो पुन्हा कधीच बांधला गेला नाही. तोवर जुने गोवे रोगराईने ओस पडू लागले होते, कोण बांधणार! या कॅथेड्रलचे काम १५६२ साली सुरू झाले आणि हैदराबादचा हुसेनसागर तलावही त्याच सुमारास, १५६२-६३ मध्ये इब्राहिम कुतुबशहाच्या काळात झाला. हा निव्वळ योगायोग, पण मला असे योगायोग आवडतात.

बेंजामिन फ्रँकलिनने विद्युतवाहक सळीची कल्पना मांडली ती अठराव्या शतकाच्या मध्याला, म्हणजे आमचा मनोरा पडला तेव्हा उपाय जगात येऊन वीस-पंचवीस वर्षे झाली होती. त्या काळचा पोर्तुगीज माणूस गडगडाट झाला की सांता बार्बराचा धावा करी. त्यांच्यात एक म्हणही आहे, गडगडल्यावरच सांता बार्बरा आठवते अशा अर्थाची. खलाशांना वादळात डोलकाठीच्या टोकावर जो निळसर जाळ दिसे त्याला ते ‘पवित्र देह’ म्हणत आणि शुभ मानत. कामोंइशने आपल्या महाकाव्यात त्याचा उल्लेख केला आहे. वास्तविक तो जाळ म्हणजे काठीच्या टोकाशी हवेत वीज साचल्याची खूण. शुभ कसली, डोक्यावर आलेली!

मनोरा आणि मासे पकडणारा माणूस यांत फरक फक्त उंचीचा, आणि उंची ही शेजारच्या वस्तूंशी तुलना करून ठरते. उघड्या तळ्यात सगळे सपाट असते. तिथे साडेपाच फुटांचा माणूस हाच चारमिनार. होडीत उभा राहून पाग फेकणारा तर हात वर केलेला चारमिनार. सर्वसाधारण विजेचा प्रवाह तीस हजार अँपियरच्या घरात असतो आणि तिच्या वाटेतली हवा तीस हजार अंश सेल्सियसपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. तरी अंगावर थेट वीज पडून मरणारे लोक कमीच. जास्त मरतात ते जवळपास पडलेली वीज जमिनीतून पसरते तेव्हा. दोन पायांमध्ये जितके अंतर तितका धक्का मोठा, म्हणून चार पायांची गुरे एका विजेत दहा-दहा मरतात. पाण्यावर पडलेली वीज बरीचशी वरच्या थरात पसरते, त्यामुळे खोलवरचा मासा वाचतो आणि वर पोहणारा किंवा पाण्यात उभा असलेला माणूस सापडतो. गोड्या पाण्यातून वीज खाऱ्या पाण्याइतकी सहज वाहत नाही. त्यापेक्षा माणसाचे शरीर तिला अधिक सोयीचे पडते.

अमेरिकेच्या हवामान खात्याने २००६ ते २०१२ या सात वर्षांतले वीजबळी तपासले. एकूण २३८. तोवर सगळ्यांची समजूत की गोल्फ खेळणारे सर्वांत जास्त मरत असतील. गोल्फवाले निघाले ८ आणि मासे पकडणारे २६, फुरसतीच्या कुठल्याही उद्योगापेक्षा जास्त. कारण सरळ आहे. मासे पकडायला गेलेला माणूस निवाऱ्यापासून लांब असतो, आणि नुकताच मासा लागायला लागलेला असतो तेव्हा त्याला उठवत नाही. गरी टाकून बसलेल्या कोणालाही विचारा! आपल्याकडे असा हिशेब कोणी मांडल्याचे माझ्या वाचनात नाही. भारतात २०२२ साली विजेने २,८८७ माणसे मेली, नैसर्गिक आपत्तीतल्या एकूण मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक. त्यात शेतकरी किती, गुराखी किती, मच्छीमार किती हे त्या आकड्यावरून कळत नाही. चढणीला गेलेला माणूस तर कागदावर शेतकरीच असतो.

समुद्रावरच्या माणसाबाबत आपल्या परंपरेने बरे काम केले. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात जायचे नाही हा नियम पूर्वीपासून होता, आता सरकारची बंदी पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस असते. ती मुख्यतः विणीच्या हंगामासाठी, पण माणसेही वाचतात. मात्र इथे एक गोम आहे. ऐन पावसाळ्यात, म्हणजे जुलैच्या संततधारेत, गोव्यात विजा फार कमी. त्या कोसळतात पावसाळ्याच्या दोन्ही दारांशी, मे अखेर ते मिरग आणि पुढे परतीच्या पावसात, हस्त-चित्रात. तेव्हा बंदी नसते किंवा नुकतीच लागलेली असते. शिवाय खोल समुद्रापेक्षा जमिनीवर विजा कितीतरी पटींनी जास्त पडतात. म्हणजे धोका मोठा तो नदीत, खाजनात, मानशीच्या पाण्यात, व्हाळात आणि तळ्यात. नारळी पौर्णिमेचा नियम तिथवर पोचतच नाही.

पंचांगाचेही तसेच. वराहमिहिराने सहाव्या शतकात पावसाच्या गर्भाची लक्षणे सांगितली, त्यात वीज ही शुभ खूण आहे. पण त्याच्या काळी सूर्य मृगात शिरायचा तो आजच्या हिशेबाने मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. अयनचलनामुळे नक्षत्रे ऋतूंच्या मानाने साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. म्हणून आज मिरगाची वाट पाहत बसलेल्या माणसाला पहिल्या विजा मिरगाआधीच गाठतात. नाव मिरगाचे, घाला रोहिणीत!

तेलंगणात समुद्र नाही, बंदी नाही, नारळी पौर्णिमा नाही. तिथे काकतीय राजांच्या काळापासूनची तळी आहेत, गावोगाव. त्यांवर मासेमारीचा हक्क गंगापुत्र आणि मुदिराज या जातींकडे, आता त्यांच्या सहकारी संस्था आहेत. पाणी आटत येते तेव्हा जाळे टाकणे सोपे, म्हणून तळ्यांवर खरी लगबग एप्रिल ते जूनची. नेमका तोच तिथल्या वळवाच्या विजांचा काळ. कोणी टायरच्या ट्यूबवर बसून, कोणी थर्मोकोलच्या तराफ्यावर, कोणी पुट्टी नावाच्या गोल होडीतून जाळे ओढतो. आणि वर शहराची मिरगाची मागणी. हैदराबादला येणारी बरीचशी मासळी आंध्रच्या किनारपट्टीतल्या तळ्यांतून बर्फात घालून ट्रकने येते, पण जिवंत मरळीला त्या दिवशी वेगळाच भाव असतो आणि ती जवळच्या तळ्यातूनच आणावी लागते. शहराने सात-आठ जूनला ऊब मागितली की कोणालातरी सहा-सात जूनच्या रात्री तळ्यात उतरावे लागते. सहा वर्षे मीही ती मरळ खाल्ली आहे.

याच हैदराबादेत आणखी एक गंमत आहे, जी गोव्यातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असते. आमच्या रापणकारांना आणि ट्रॉलरवाल्यांना मासा कुठे सापडेल हे सांगणारे कार्यालय तिथे आहे! उपग्रहाने समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान मोजायचे, गरम आणि थंड पाण्याच्या सीमारेषा ओळखायच्या, तिथे मासा जमतो असा अंदाज बांधायचा. बाळानगरच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेत १९९० च्या सुमारास हे सुरू झाले. १९९९ साली इन्कॉइस ही स्वतंत्र संस्था निघाली आणि काम तिच्याकडे गेले. पुढे पाण्याच्या रंगावरून शेवाळही मोजू लागले. २००७ पासून त्सुनामीचा इशाराही तिथूनच निघतो. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेले आणि २०१७ मध्ये ओखी. दोन्ही वेळा समुद्रात गेलेल्यांपर्यंत निरोप पोचवणे हीच अडचण ठरली, कारण किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर मोबाइल मुका होतो. म्हणून २०१९ साली उपग्रहावरून थेट संदेश देणारे ‘जेमिनी’ नावाचे उपकरण आले.

आणि विजेचा नकाशाही त्याच शहरात आहे. बाळानगरच्या त्याच संस्थेने देशभर वीज टिपणारी यंत्रे बसवली आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे वेगळे जाळे आहे, त्यावर ‘दामिनी’ नावाचे मोबाइल ॲप चालते. आपल्या भोवतालच्या वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडते आहे का, ते त्यात दिसते. मासा कुठे आणि वीज कुठे, दोन्ही एकाच शहरात मोजले जाते, आणि त्या शहराच्या आसपासच्या तळ्यात ट्यूबवर बसलेला माणूस फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून काठावर ठेवून आलेला असतो. पाण्यात भिजेल म्हणून.

फोन नसला तरी एक हिशेब करता येतो. लख्ख दिसल्यापासून गडगड ऐकू येईपर्यंत अंक मोजायचे, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची आपल्यावर येऊ शकते. पाण्यातून बाहेर, पक्क्या घरात, नाहीतर बंद मोटारीत. झाडाखाली नको, मांगरात नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचे. अर्ध्या तासाने पाऊस ओसरलेला असतो, व्हाळाला मात्र पाणी तसेच असते आणि मासा चढतच असतो. चढण एका रात्रीत संपत नाही, हे चढणीला जाणारा प्रत्येक जण जाणतो. विणीला निघालेली मासळी मारावी का, हा वेगळा प्रश्न आहे. त्यावर पुन्हा कधीतरी.

बंदीच्या काळात इन्कॉइसकडून पश्चिम किनाऱ्यासाठी माशांची माहिती येत नाही. जेटीवरच्या फलकावर मासळीचा रकाना रिकामा असतो, ट्रॉलर ताडपत्रीखाली झाकलेले असतात. त्याच रात्री सत्तरीत, सांग्यात, काणकोणात व्हाळाच्या कडेने बत्त्या फिरत असतात, आणि प्रत्येक बत्तीमागे एक कोयती.